घरचे मैदान आणि हंगामाचा पहिला महिना



बियाणे, खत, फवारणी, पाणी हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र मी तुमच्यापुढे फुटबॉलची गोष्ट घेऊन आलो आहे, आणि तीही थेट इंग्लंडमधल्या फुटबॉलची. साहेबांना आज काय सुचले, असे म्हणून पान उलटू नका. ही गोष्ट एका शेतकऱ्याच्या घरातली आहे, आणि तिचा शेवट शेवटी बांधावरच येतो.

२०१५ सालचा सप्टेंबर महिना होता. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्यात नुकताच बदलून आलो होतो. सोयाबीनवरच्या अळीची पाहणी करून परतत होतो, तेव्हा एका वस्तीवरचे अण्णा मला रस्त्यातच आडवे झाले. चेहरा उतरलेला होता.

"सायेब, पोरगं हातचं गेलं. कॉलेज बंद करून घरी आणतो आता. वैरण काढू दे, शेण काढू दे."

मी विचारले, "झाले तरी काय?"

मुलगा कोल्हापुरात वसतिगृहावर राहून शिकत होता. वडिलांनी खानावळीसाठी आणि औषध फवारणीसाठी मिळून साडेसहा हजार रुपये त्याच्या हाती दिले होते. फवारणीचे औषध तो येताना घेऊन येणार होता. औषध आले नाही, आणि खानावळवाल्याचा निरोप मात्र आला. पोराने ते पैसे मित्रांबरोबर पैजेवर लावून घालवले होते. पैज कशावर? इंग्लंडातल्या फुटबॉल सामन्यांवर.

अण्णांना फुटबॉल नवा नव्हता. कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या माणसाला तो नवा कसा असेल? पण त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती. ते म्हणाले, "पोरगं म्हणतंय, घरच्या मैदानावर खेळणारा संघ जिंकतोयच, ह्यात चूक काय झाली? सायेब, तुम्ही शिकलेले. खरंच असं असतंय काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुढचा मे महिना उजाडला. तेच उत्तर आज तुम्हालाही सांगतो.

पोराचा हिशेब कुठे चुकला?

इंग्लंडच्या सर्वांत वरच्या स्पर्धेला प्रीमियर लीग म्हणतात. तिच्यात २० संघ असतात. प्रत्येक संघ बाकीच्या १९ संघांशी दोन-दोन सामने खेळतो. एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या मैदानावर. म्हणजे १९ सामने घरी, १९ सामने बाहेर आणि सर्वांचे मिळून ३८०. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो व मे महिन्यात संपतो. जिंकले तर ३ गुण, बरोबरी झाली तर १.

आपल्या पोराचा आवडता संघ होता लंडनचा वेस्ट हॅम. ९ ऑगस्ट २०१५ रोजी या संघाने पहिल्याच सामन्यात बलाढ्य आर्सेनलला त्यांच्याच घरी २-० असे हरवले. पोरगा हरखून गेला. जो संघ आर्सेनलला त्याच्या दारात जाऊन पाडतो, तो स्वतःच्या अंगणात लेस्टरसारख्या लहान संघाकडून हरेल काय? १५ ऑगस्टच्या सामन्यावर त्याने पैसे लावले. वेस्ट हॅम आपल्या घरी १-२ असा हरला.

गेलेले पैसे परत मिळवायचे म्हणून त्याने पुढच्या आठवड्यात रक्कम वाढवली. या वेळी समोर बोर्नमथ होता. हा संघ त्याच वर्षी पहिल्यांदा वरच्या गटात आलेला, आणि तोपर्यंत त्याने एकही सामना जिंकलेला नव्हता. २२ ऑगस्टला तो वेस्ट हॅमच्या घरी येऊन ४-३ असा जिंकून गेला.

आता पोराने वेस्ट हॅमचा नाद सोडला, पण घरच्या मैदानाचा सोडला नाही. २९ ऑगस्टला वेस्ट हॅम लिव्हरपूलला जाणार होता. लिव्हरपूलच्या मैदानावर वेस्ट हॅम १९६३ सालानंतर एकदाही जिंकलेला नव्हता. यापेक्षा पक्की गोष्ट कोणती? उरलेली सगळी रक्कम त्याने लिव्हरपूलवर लावली. वेस्ट हॅम ३-० असा जिंकला!

तीन सामने आणि तिन्ही वेळा पाहुणा जिंकला. फवारणीचे औषध आणि खानावळ दोन्ही गेले.

एका हंगामावर वाण ठरते काय?

मी अण्णांना म्हटले, "पोराला रविवारी माझ्याकडे पाठवा. कॉलेजचे नंतर बघू."

पोरगा आला. मान खाली. मी त्याला रागावलो नाही. एवढेच विचारले, "तुमच्या शेतात नवे वाण पहिल्या वर्षी साधले नाही, तर ते टाकाऊ ठरते का?"

तो म्हणाला, "नाही साहेब. पाऊसमानावर असतंय."

"आणि साधले तर लगेच सगळ्या रानात पेरायचे का?"

तो गप्प बसला.

तुम्हाला ठाऊक आहे की, एखादे वाण शिफारशीत येण्याआधी ते अनेक ठिकाणी आणि काही वर्षे पेरून पाहतात. शेजारी जुने वाणही पेरतात, म्हणजे तुलना करता येते. एका वाफ्यात उतारा जास्त आला, तर तो वाणाचा गुण असेल, नाही तर त्या वाफ्याखाली जुना उकिरडा असेल. फुटबॉलचेही तसेच आहे. एका सामन्यात एखाद-दुसरा गोल होतो. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर निकाल फिरतो. अशा खेळात तीन सामन्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

मी त्याच्या हाती शंभर पानी वही दिली. सांगितले, "आजपासून एक पैसाही लावायचा नाही. झालेल्या आणि होणाऱ्या प्रत्येक सामन्याची नोंद करायची. घरचा जिंकला, बरोबरी, की पाहुणा जिंकला, एवढेच तीन रकाने. मे महिन्यात वही घेऊन माझ्याकडे यायचे." अण्णांनाही म्हटले, "पोराला मे महिन्यापर्यंत मुदत द्या. एका महिन्यावरून त्याचा निकाल लावू नका." अण्णा कसेबसे तयार झाले. मात्र खानावळीचे पैसे पोराने सुट्टीत गुऱ्हाळावर राबून फेडावेत, अशी अट त्यांनी घातली, आणि ती योग्यच होती.

वहीत काय निघाले?

मे २०१६ मध्ये पोरगा वही घेऊन आला. पहिल्या पानावर पहिल्या फेरीचे १० सामने होते. त्यांत घरचे संघ फक्त २ जिंकले होते. ३ सामने बरोबरीत सुटले आणि ५ सामने पाहुण्यांनी मारले. हे एकच पान पाहिले, तर कोणीही म्हणेल की घरी खेळणे म्हणजे तोटाच!

पण शेवटच्या पानावर ३८० सामन्यांची बेरीज होती. घरचे जिंकले १५७, पाहुणे जिंकले ११६ आणि बरोबरी १०७. म्हणजे शंभरात घरच्यांचे विजय सुमारे ४१ आणि पाहुण्यांचे ३१. घरच्या मैदानाचा फायदा होता, तो खराच होता. पण तो पहिल्या पानावर दिसत नव्हता, आणि पोराला वाटत होता तेवढा मोठाही नव्हता. घरी खेळणारा संघ शंभरातले ५९ सामने जिंकत नव्हता, हेही त्याच बेरजेत लिहिलेले होते.

आता वेस्ट हॅमचेच पाहा. ऑगस्टमध्ये घरी दोनदा हरलेला हा संघ पूर्ण हंगामात घरी किती वेळा हरला? फक्त तीनदा! म्हणजे त्या दोन पराभवांनंतर आठ महिन्यांत आणखी एकदाच, तोही मे महिन्यात. घरचे १९ सामने असे गेले: ९ विजय, ७ बरोबऱ्या, ३ पराभव. बाहेरचे १९ असे: ७ विजय, ७ बरोबऱ्या, ५ पराभव. घरी ३४ गुण आणि बाहेर २८. फरक सहा गुणांचा, तोही पूर्ण हंगामात. एखाद्या खताने एकरी दीड-दोन पोती वाढावीत, तशातला हा फायदा आहे. वाढतात हे खरे, पण तेवढ्या भरवशावर कोणी कर्ज काढत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्याला पोरगा 'लहान संघ' म्हणत होता, तो लेस्टर त्या वर्षी ८१ गुण मिळवून चक्क विजेता झाला! आणि ज्या लिव्हरपूलवर त्याने शेवटचा पैसा लावला, तो संघ आठव्या क्रमांकावर, वेस्ट हॅमच्या एक पायरी खाली राहिला. म्हणजे ऑगस्टमध्ये कोण सबळ आणि कोण दुबळा, हेच मुळी कोणाला ठाऊक नव्हते. सगळे जण मागच्या वर्षीच्या उताऱ्यावर बोलत होते.

आणखी एक उदाहरण वहीत होते. पहिल्या दिवशी परक्या मैदानावर जिंकलेल्या पाच संघांपैकी एक ॲस्टन व्हिला. त्याचा पुढचा विजय थेट जानेवारीत आला. सबंध हंगामात तीन विजय आणि १७ गुण मिळवून तो तळाला गेला व खालच्या गटात उतरला. उलट पहिल्याच दिवशी घरी हरलेला आर्सेनल दुसरा आला.

हंगामाच्या सुरुवातीला असे का होते, त्याची कारणे साधी आहेत. सामने थोडे झालेले असतात. कोणाच्या वाट्याला पहिल्या तीन सामन्यांत तगडे प्रतिस्पर्धी येतात, कोणाच्या वाट्याला हलके. कोणी दोन सामने घरी खेळलेला असतो, तर कोणी एकच. शिवाय खेळाडूंची खरेदी-विक्री ऑगस्टअखेरपर्यंत चालूच असते, त्यामुळे संघही पुरता जुळलेला नसतो. उगवण पुरी झाली नसताना विरळणी करू नये म्हणतात, ते इथेही लागू आहे.

हा फायदा येतो कुठून?

वही पाहून झाल्यावर पोराने मला विचारले, "साहेब, मग फायदा आहे तो कशाचा? मैदान तर सगळीकडे हिरवंच असतंय."

प्रश्न चांगला होता. जाणकार तीन कारणे सांगतात: प्रवासाचा शीण, ओळखीची जागा आणि प्रेक्षक.

इंग्लंड लहान देश आहे, रस्ते चांगले आहेत. तेव्हा आजकाल प्रवासाचा शीण थोडाच. शंभर वर्षांपूर्वी प्रवास कठीण होता आणि घरच्या मैदानाचा फायदाही आजच्यापेक्षा मोठा होता.

ओळखीच्या जागेचे जगातले टोकाचे उदाहरण म्हणजे दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाचे ला पाझ शहर. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचावर आहे. तेथील विरळ हवेत पाहुण्यांना धाप लागते. १ एप्रिल २००९ रोजी मॅराडोना प्रशिक्षक असलेला अर्जेंटिनाचा संघ तेथे ६-१ असा हरला होता.

वेस्ट हॅमलाही या कारणाचा अनुभव पुढच्याच वर्षी आला. १९०४ पासूनचे जुने मैदान सोडून तो २०१६ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर गेला. जागा मोठी, प्रेक्षक जास्त, पण ते घर अजून घरासारखे झालेले नव्हते. लीगमधला तेथला पहिला सामना त्याने १-० असा जिंकला. पण पुढच्या सामन्यात वॉटफर्डविरुद्ध २-० असे पुढे असून ४-२ असा मार खाल्ला. त्यानंतर साउदम्प्टनकडून ३-० असा हरला. त्या हंगामात घरी ७ विजय आणि ८ पराभव झाले. नव्या गोठ्यात नेलेली म्हैस काही दिवस दूध चोरते, तसाच हा प्रकार.

पण या उदाहरणातही घाई करू नका. त्या हंगामातही घरचे गुण २५ होते आणि बाहेरचे २०. पारडे घरच्याच बाजूला होते.

तिसरे कारण प्रेक्षकांचे. प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी खेळाडूला चेव येतो, हे आपण जत्रेतल्या कुस्तीत पाहतोच. पण त्या आरोळ्या पंचाच्याही कानावर पडतात. इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची एक सोपी चाचणी केली व ती २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ४० पंचांना एकाच सामन्यातील ४७ प्रसंग पडद्यावर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह दाखवले, तर काहींना आवाज बंद करून. ज्यांनी आवाज ऐकला, त्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. पंच लबाड नव्हते. गलका झाला की शिट्टी तोंडाशी नेताना त्यांचा हात किंचित थबकत होता, इतकेच.

जगाने न ठरवता केलेली चाचणी

ही गोष्ट इतकी वर्षे अनुमानाचीच राहिली असती. कारण प्रेक्षकांना घरी बसवून सबंध स्पर्धा कोण खेळवणार? पण २०२० साली कोरोनाची साथ आली आणि सगळे स्टेडियम रिकामे झाले. जणू सगळ्या रानात बाकी मशागत तीच ठेवून फक्त एक खत बंद केले.

२०२०-२१ च्या हंगामात प्रीमियर लीगचे बहुतेक सामने रिकाम्या मैदानावर झाले. ३८० सामन्यांत घरचे संघ जिंकले १४४ आणि पाहुणे जिंकले १५३! इंग्लंडच्या वरच्या गटात १८८८ पासून स्पर्धा चालते. तिच्यात पाहुण्यांचे विजय घरच्यांपेक्षा जास्त होण्याची ही पहिलीच वेळ होती. लिव्हरपूलचा संघ लीगमध्ये घरच्या मैदानावर ओळीने ६८ सामने हरला नव्हता. २१ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीने त्याला हरवले आणि तो सामना धरून घरचे ओळीने सहा सामने तो हरला. त्याचे मोठे बचावपटू जखमी होते हेही खरे. पण प्रेक्षक परतले आणि २०२१-२२ मध्ये तोच संघ लीगमध्ये घरी एकदाही हरला नाही. त्या वर्षी सगळ्या संघांचे मिळून घरचे विजय पुन्हा १६३ झाले.

आपल्याकडेही तसेच घडले. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग संपूर्ण गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवली गेली. गोव्याच्या संघाचे ते घर. पण रिकाम्या घरात जिंकले कोण? आपली मुंबई सिटी! मार्च २०२१ मध्ये फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात तिने कोलकात्याच्या संघाला २-१ असे हरवले.

कोल्हापूरची गोष्ट आणखी गमतीची. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार असे पेठापेठांचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर उतरतात. मैदान एकच, पंच तेच आणि दोन्हीकडे ओरडणारे आपापल्या पेठेचे. तिथे पाहुणा कोणीच नाही. कृषी महाविद्यालयात असताना मी त्या पायऱ्यांवर बसून घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. आपण पंचाच्या शिट्टीवर परिणाम करतो आहोत, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

तेव्हा, लक्षात काय ठेवायचे?

घरच्या मैदानाचा फायदा खरा आहे. तो मुख्यतः माणसांमुळे मिळतो आणि तो थोडा आहे. हंगामाच्या पहिल्या महिन्यात तो दिसेलच असे नाही. कधी उलटाही दिसेल. म्हणून ऑगस्टमधला गुणतक्ता करमणूक म्हणून वाचावा, भविष्य म्हणून नव्हे.

तुमच्या घरातली मुले मोबाइलवर हे सामने पाहत असतील, तर पाहू द्या. खेळ चांगला आहे. मात्र पैसा लावतात का, याकडे आई-वडिलांनी डोळे उघडे ठेवावेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला आहे. तरी मित्रामित्रांतली पैज कायद्याच्या आधी घरानेच थांबवायची असते. पोराला नुसते ओरडू नका. त्याच्या हाती वही द्या आणि हंगाम संपेपर्यंत नोंद ठेवायला लावा. आकडे त्याला आपोआप शहाणे करतील.

आणि अण्णांच्या पोराचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. कॉलेज सुटले नाही. तो पदवीधर झाला आणि आज वडिलांचीच साडेतीन एकर शेती पाहतो. गेल्या खेपेला मी गेलो, तेव्हा त्याने मला घरात नेऊन फळीवरच्या वह्या दाखवल्या. ऊस, सोयाबीन, भुईमूग यांची प्रत्येक वाफ्याची नोंद, वर्षवार. सर्वांत खाली ती जुनी फुटबॉलची वही होती.

अण्णा शेजारी बसले होते. म्हणाले, "सायेब, औंदा एक नवं बी आलंय. दुकानदार म्हणतोय सगळ्या रानात टाका."

मी काही बोलणार, तोच पोरगा म्हणाला, "अण्णा, दहा गुंठ्यात टाकू. शेजारी आपलं जुनं. तीन वर्षं बघू."

मी चहा घेतला आणि उठलो.